जंगल कोणी तोडले, हे तिसरीतल्या मुलांनाही सांगायला हवे

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा या तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांमध्ये जंगलाविषयी जे शिकवले जाते, ते जवळजवळ सगळे ‘झाडे लावा, झाडे जगवा’ या घोषणेत मावते. वृक्षदिंडी निघते, रोपे लावली जातात आणि शाळेच्या भिंतीवर कुऱ्हाडीचे चित्र काढून त्यावर लाल फुली मारली जाते. वृक्षारोपणाला माझा अजिबात विरोध नाही. माझा आक्षेप त्या चित्राला आहे, कारण त्यातला कुऱ्हाड धरलेला माणूस बहुतेक वेळा उघड्या अंगाचा आणि गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेला असतो, म्हणजे समोर बसलेल्या माडिया किंवा गोंड आदिवासी मुलाच्या आजोबांसारखा दिसतो. त्या मुलाला फळ्यावरचे बाकी काही कळो न कळो, जंगल आपल्याच माणसांनी संपवले एवढे मात्र नक्की कळते. प्राथमिक शिक्षक म्हणून या भागात काम करताना मला ही गोष्ट सतत खुपत आली आहे, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

हा इतिहास लहान मुलांना पेलणार नाही, असे सांगणाऱ्यांनी तो एकदा साध्या भाषेत मांडून पाहावा. इंग्रजांना रेल्वे टाकायची होती आणि रुळाच्या एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. लाकूड कायम मिळत राहावे म्हणून १८६४ साली वनखाते स्थापन झाले आणि १८७८ च्या कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे वर्ग पाडले. जे जंगल राखीव झाले, तिथे गावाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वापराचे हक्क एक तर संपले किंवा कोणाच्या तरी मेहरबानीवर उरले. डोंगरउतारावरची पेंदा, म्हणजे फिरती शेती गुन्हा ठरली. मध्य प्रांतात कित्येक ठिकाणी वनग्रामे वसवली गेली, जिथे कसायला जमीन मिळे आणि तिच्या बदल्यात खात्याच्या कामावर राबावे लागे. पुढे १९५१ साली जमीनदाऱ्या गेल्या आणि जमीनदारांची जंगलेही सरकारकडे आली. १९७४ साली वन विकास महामंडळ स्थापन झाले आणि मोह, चार (चारोळीचे झाड), तेंदू, बेहडा अशी मिश्र झाडी सरसकट तोडून तिच्या जागी एकट्या सागाची लागवड करण्याचे धोरण अनेक ठिकाणी राबवले गेले. मोहफुले आणि चारोळी वेचून वर्षाचे मीठमिरची भागवणाऱ्या घरांना त्या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आता कूप म्हणजे काय ते मुलांना सांगावे, कारण हा शब्द त्यांनी घरी ऐकलेला असतो. जंगलाचे भाग पाडायचे, त्यातला एक भाग एका वर्षी तोडायला काढायचा आणि तोडायच्या झाडावर हातोड्याने ठसा उमटवायचा, अशी ती वनखात्याची पद्धत. म्हणजे झाड पाडणाऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती, पण कोणते झाड पडणार हे हातोडा ठरवत होता आणि तो हातोडा कधीच गावाच्या हातात नव्हता. मला वाटते, संपूर्ण विषयाचे मर्म या एका तपशिलात आहे आणि तिसरीतले मूल ते पाच मिनिटांत समजू शकते. भिंतीवर चित्र काढायचेच असेल तर कुऱ्हाड आणि हातोडा दोन्ही काढावेत.

शिकवण्यासाठी या भागाइतकी साधने महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. कमलापूरचा हत्ती कॅम्प मुलांना सहलीचे ठिकाण म्हणून माहीत असतो, पण हे हत्ती लाकूड ओढण्याच्या कामासाठी पाळले गेले, जिथे गाडी पोचत नसे तिथून ओंडके बाहेर काढणे हा त्यांचा रोजचा कामधंदा होता, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. हत्तीवर दहा ओळी लिहायला लावताना त्यातल्या दोन ओळी या कामाच्या असायला काय हरकत आहे? आलापल्लीच्या डेपोत रचलेल्या सागाच्या ओंडक्यांवर क्रमांक असतात, मापे असतात. घेर आणि लांबी यांवरून लाकूड किती भरते हा हिशेब थोरल्या मुलांना गणिताच्या तासाला करता येतो. बुंध्याच्या कापलेल्या तोंडावरची वलये मोजून झाडाचे वय काढता येते. सागाची वलये इतकी स्पष्ट असतात की शास्त्रज्ञ त्यांवरून जुन्या काळातल्या पावसाचा अंदाज बांधतात. मार्च २०२३ मध्ये याच पट्ट्यातला साग अयोध्येच्या राम मंदिरासाठी वाजतगाजत रवाना झाला, तेव्हा मुलांना आपल्या सागाचा अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा. मात्र त्याच वेळी, यापूर्वी हा साग कुठे कुठे गेला, तो कोणी पाडला आणि त्यांना काय मजुरी मिळाली, हे प्रश्न वर्गात विचारले जायला हवे होते.

सर्वांत मोलाची जागा आलापल्लीजवळचे वनवैभव ही आहे. साधारण सहा हेक्टरांचा हा तुकडा कुऱ्हाडीपासून मुद्दाम दूर ठेवला गेला आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथला साग, बांबू, वेली आणि मिसळलेली झाडी दाखवून त्याच दिवशी मुलांना एका रांगेत लावलेल्या सागाच्या रोपवनात न्यावे आणि काहीही न सांगता दोन्हीकडे काय काय दिसते ते लिहायला लावावे. जे तोडले गेले ते कसे होते, हे पुस्तकातल्या कोणत्याही परिच्छेदापेक्षा अशा एका फेरीत अधिक स्पष्ट होते. हा तुकडा वनखात्यानेच राखला, हेही मुलांना आवर्जून सांगावे.

हे शिकवल्याने मुलांच्या मनात वनखात्याविषयी कटुता निर्माण होईल, अशी भीती काही सहकारी बोलून दाखवतात. कटुता आधीच घरात आहे. दंडाच्या, जप्त झालेल्या बैलगाड्यांच्या, नाकेदाराच्या, म्हणजे वनखात्याच्या पहारेकऱ्याच्या गोष्टी मूल चुलीजवळ ऐकतच मोठे होते. शाळेने गप्प राहून ती पुसली जात नाही, उलट शाळा आपल्या घराविषयी काही बोलत नाही एवढेच मुलाच्या लक्षात येते. शिवाय पूर्ण इतिहास सांगायचा तर सिरोंच्याकडून नदीपार होणारी सागाची चोरटी वाहतूक, तिच्यात गुंतलेली आपली स्थानिक माणसे आणि जंगल सांभाळताना जिवावर उदार होणारे वनरक्षक यांच्याविषयीही बोलावे लागेल. मी त्याला तयार आहे. एका बाजूचे खोटे घालवण्यासाठी दुसऱ्या बाजूचे खोटे शिकवावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

आणि ही गोष्ट केवळ हिरावून घेतल्याची नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने कागद कारखान्यासाठी चालणारी बांबूतोड अडवली, देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे ग्रामसभेत बसून वर्षानुवर्षे अभ्यास करत राहिली आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूचे वाहतूक परवाना पुस्तक त्याच गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आपल्या जिल्ह्यात जन्मली, हे चौथी पास होण्याआधी आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावे. तोड थांबवता येते, ती किती आणि कशी करायची हे गाव ठरवू शकते, हे त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांकडून कळेल.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, परिसर अभ्यासाच्या तासाला कूपात काम केलेल्या म्हाताऱ्यांना वर्गात बोलवा आणि त्यांना माडिया भाषेतच बोलू द्या. मराठी आपण नंतर लिहू. ही माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून हे काम पुढच्या सत्रावर ढकलू नका. वनखात्यातल्या अधिकाऱ्यांना विनंती की, लिलाव नसेल त्या दिवशी डेपो शाळांसाठी खुला ठेवावा, जुन्या कूपांचे नकाशे मुलांना पाहू द्यावेत आणि झाडावर ठसा उमटवणारा तो हातोडा एकदा त्यांच्या हातात द्यावा.