लाल कंबरेचा सुतार म्हणजे मादी नव्हे

पक्ष्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. दोन सोनपाठी सुतार पक्ष्यांचे फोटो शेजारी शेजारी आणि खाली मजकूर: "पक्षी एकच. काळ्या कंबरेचा नर, लाल कंबरेची मादी. बाकीचे फरक वयाचे. तीन बोटं दिसली तर एक तुटलेलं समजा." यातलं एकही वाक्य खरं नाही.

पक्षी दोन आहेत. डिनोपियम बेंगालेन्सची नोंद स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ सालीच केली होती, डिनोपियम जावानेन्सची शास्त्रीय नोंद १७९७ची. नात्याने जवळचे, पण जाती वेगळ्या. बेंगालेन्सची कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा पाठीचा भाग, काळी, जावानेन्सची लाल, आणि दोन्हींत नर-मादीची कंबर सारखीच. नर-मादी ओळखायची ती डोक्यावरून. नराचा माथा आणि तुरा पूर्ण लाल. बेंगालेन्सच्या मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, मागचा तुरा मात्र लाल. जावानेन्सच्या मादीच्या डोक्यावर लाल रंगच नसतो. काळ्या तुऱ्यावर बारीक पांढऱ्या रेघा असतात.

वयाचं म्हणाल, तर कोवळ्या पक्ष्याचे रंग फिके असतात, हे खरं. म्हणून काळी कंबर पुढे लाल होत नाही. शिवाय कंबर पंखांखाली झाकलेली असली, तरी गळा बघता येतो, आणि मला तीच खूण जास्त भरवशाची वाटते. बेंगालेन्सचा गळा काळा, त्यावर पांढरे बारीक ठिपके. जावानेन्सचा गळा पांढरट, आणि चोचीपासून मानेकडे मिशीसारखी एकच ठसठशीत काळी रेघ.

बोटांचं तर उघड आहे. जावानेन्सला जन्मतःच तीन बोटं: दोन पुढे, एक मागे. बेंगालेन्सला चार, त्यातलं मागचं एक अगदीच खुरटं. कुठलंही बोट तुटलेलं नाही.

लाल कंबर दिसली म्हणून लगेच जावानेन्सही म्हणू नका. सह्याद्रीत तिसरा एक सुतार आहे, क्रायसोकोलॅप्टिस. आकाराने मोठा, चोच लांब, डोळा फिकट, मानेची मागची बाजू पांढरी, बोटं चार, आणि मिशीच्या रेघा दोन, मध्ये पांढरी फट. तो या दोघांच्या जवळच्या नात्यातलाही नाही. डीएनएनुसार अमेरिकेतले थोराड कॅम्पेफिलस सुतार त्याला जास्त जवळचे.

एवढा कीस कशाला, असं विचारणारेही आहेत. बेंगालेन्स माडाच्या बागेत, शहरातल्या जुन्या झाडांवरही सुखाने राहतो. जावानेन्स आपल्याकडे गोव्यापासून दक्षिणेच्या घाटात, जास्त करून दाट झाडीत दिसतो. बागेतल्या पक्ष्याची नोंद जावानेन्सच्या नावावर पडली, की जंगल तुटलं तरी तो मजेत आहे असं कागदावर दिसतं. म्हणून नोंद टाकताना गळ्याचा आणि पाठीचा, दोन्ही फोटो जोडा, आणि खात्री नसेल तर नुसतं "सोनपाठी सुतार" लिहा.