मी जोर लावला नव्हता

आधीच सांगून टाकतो, मी जोर लावला नव्हता. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कुठून पाझरतंय ते बघायला गाडीच्या हीटरची नळी फक्त दोन बोटांनी धरली होती. तिच्या टोकाचं काळं प्लास्टिकचं फिटिंग खडूसारखं कट्कन मोडलं. अर्धं माझ्या हातात आलं, अर्धं इंजिनाच्या भोकात अडकून राहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "जोर लावलात ना?"

खालच्या मजल्यावरचे काका. यांच्या दाराची बेल दाबून दाबून बोट दुखतं तरी यांना ऐकू येत नाही, पण माझं बॉनेट उघडलं की ते हजर.

"नाही हो काका, जुनं झालंय. आपोआप मोडलं."

"आपोआप काही मोडत नाही," काका म्हणाले, आणि टॉर्च धरायला उभे राहिले.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत आणि ज्यांना आयुष्यात हे कळायची गरज पडलेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात तापलेलं कूलंट एका रबरी नळीतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. त्या रेडिएटरवरून पंखा हवा फेकतो आणि आपल्याला ऊब मिळते. एरवी वाया जाणारी उष्णता फुकटात वापरायची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला माझा साष्टांग नमस्कार. ती नळी इंजिनाला प्लास्टिकने जोडायची कल्पना ज्याला सुचली, त्याला मात्र मला एकदा प्रत्यक्ष भेटायचं आहे.

कारण त्या जागी काय असतं? ९० ते १०० अंश तापलेलं पाणी आणि ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळतात ते रसायन), वर दाब. फिटिंग काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनचं असतं आणि नवं असताना चांगलं दणकट असतं, हे मान्य. पण वर्षानुवर्षं तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं, आणि तेही गरम ग्लायकॉलमध्ये भिजत. आतल्या आत ते कुजत जातं. बाहेरून रंग तोच, आकार तोच, तकाकीसुद्धा तीच. कुणाचा हात लागेपर्यंत सगळं ठीक असतं, आणि ज्याचा हात लागतो त्याने जोर लावलेला असतो.

तर, काका आणि टॉर्च. टॉर्च धरणाऱ्याने काम करणाऱ्याच्या हाताकडे बघायचं असतं, अशी माझी समजूत होती. काकांची नजर जिकडे जाई तिकडे उजेड जाई. मी वाकवलेल्या तारेने भोकातले तुकडे एकेक करून बाहेर ओढत होतो. एकही कण आत पडला तर तो कूलंटबरोबर फिरत जाऊन कुठेतरी अडकणार, म्हणून अक्षरशः श्वास रोखून काम चाललं होतं. आणि अचानक अंधार.

"हे गोल काय आहे हो?"

"अल्टरनेटर. काका, उजेड इकडे."

"आणि ही पट्टी फिरते का?"

"इंजिन चालू असताना फिरते. काका, उजेड."

उजेड आला. त्याबरोबर सल्लाही आला. "एवढं कोरत काय बसलात? आत ढकलून द्या. गरम पाण्यात जाईल विरघळून."

मी त्यांना समजावलं की नायलॉन गरम पाण्यात विरघळत नाही, तो तुकडा हीटरच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसेल आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हातोडी आणू का?"

"आमच्या वेळी हे सगळं पितळेचं असायचं," थोड्या वेळाने ते म्हणाले. काका चुकीचं बोलतात तेव्हा मला काही वाटत नाही. बरोबर बोलतात तेव्हा फार त्रास होतो.

"तुमच्या गाडीतही असंच होतं का?"

"छे! आमच्या गाडीला हीटरच नव्हता."

नळीचं दुसरं टोक डॅशबोर्डमागच्या त्या छोट्या रेडिएटरच्या पाइपावर बसवलेलं होतं. हा पाइप पातळ ॲल्युमिनियमचा. नळी त्याला इतकी चिकटलेली असते की पिळून काढायला जावं तर पाइपच पिळवटतो. म्हणून तिला लांबीत चीर देऊन सोलून काढायची. त्याआधी तिच्यावरची स्प्रिंगची क्लिप काढायची. या क्लिपचे कान ज्या दिशेला असतात त्या दिशेला पक्कड जात नाही, ही कारखान्यातूनच केलेली सोय आहे. माझी क्लिप सुटली, उडाली आणि इंजिनाखालच्या कव्हरमध्ये कुठेतरी नाहीशी झाली. "उडाली," काकांनी नोंद केली. कुठे उडाली ते त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण टॉर्च तेव्हा बॅटरीवर होता.

सुट्या भागांच्या दुकानातला अपमान थोडक्यात सांगतो. काउंटरवरच्या मुलाने गाडीचं मॉडेल ऐकलं, साल ऐकलं आणि विचारलं, "ती अजून चालते?" मग म्हणाला, फिटिंग सुटं मिळत नाही, दोन्ही नळ्यांसकट सेट घ्यावा लागेल. अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी! शेवटी दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं ॲल्युमिनियमचं सुटं फिटिंग मिळालं, नळीही साधी, मीटरवर मापून. आणि तिथे माझं डोकं खरंच फिरलं. कुणीतरी मुद्दाम साचा करून, कारखान्यात हे धातूचं फिटिंग बनवतो. म्हणजे ते घेणारे माझ्यासारखे भरपूर आहेत. म्हणजे हे प्लास्टिक मोडतं हे सगळ्या दुनियेला माहीत आहे. नळीलाही म्हातारपण येतं, पण ती निदान फुगते, तडकते, चार दिवस आधी कळवते. हे फिटिंग काहीही न कळवता जातं, आणि रस्त्यात गेलं तर कूलंट सांडून इंजिनही बरोबर घेऊन जातं. वॉरंटी संपेपर्यंत टिकलं की बनवणाऱ्याचं काम झालं. पुढचं आपलं आपण बघायचं, टॉर्चच्या उजेडात.

असो. भोकाची कड साफ केली, नवी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबराची गोल कडी, बसवली. "जरा ऑइल लावा, सुर्रकन जाईल," काका म्हणाले. या रबराला ऑइल चालत नाही, ते फुगतं. मी कूलंटचाच थेंब लावला. काका म्हणाले, "बघा, ऑइल लावलंत तर कसं गेलं."

आता राहिली होती हवा काढायची. कूलंट भरताना नळ्यांमध्ये हवा अडकते आणि मग हीटर गार आणि इंजिन गरम अशी उलटी वरात निघते. म्हणून गार इंजिनावरच टाकीचं झाकण उघडून गाडी सुरू करायची, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंटची भर घालत राहायचं. आत कुणीतरी बसून हवा गरम येते का ते सांगितलं तर बरं पडतं. ऐन उकाड्याचे दिवस होते. मी टॉर्च काकांच्या हातातून घेतला आणि मोठ्या आदराने त्यांच्यासाठी दार उघडलं.

"काचा बंद ठेवा," मी म्हणालो. "नाहीतर नीट कळत नाही."

काचा बंद ठेवायची काही गरज नसते.

काका बसले. मी बुडबुडे बघत राहिलो. आतून त्यांनी फोन लावलेला दिसला. "उशीर होईल," ते कुणालातरी सांगत होते, "यांची गाडी दुरुस्त करतोय." काही वेळाने काचेवर टकटक झाली. मी हाताने खूण केली, अजून थोडं. बुडबुडे केव्हाच थांबले होते.

मग दार उघडून काका बाहेर आले. सदरा अंगाला चिकटलेला, चश्म्यावर वाफ. त्यांनी रुमालाने मान पुसली, चश्मा पुसला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"हीटर झाला बरं का," ते म्हणाले. "पण मी एसीचं बटण चारदा दाबून पाहिलं, गरमच हवा येते. त्याचंही काहीतरी मोडलंत तुम्ही."