खालच्या पट्टीतला यू टू

‘म्हातारचळ.’ कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादरच्या मित्रानं यू टू या आयरिश रॉक बँडच्या ‘साँग्ज ऑफ सरेंडर’ची एका शब्दात वासलात लावली. अल्बम आला मार्च २०२३ मध्ये, यानं ऐकला परवा. खाली बाकीच्यांचे धडाधड अंगठे.

बँडनं आपलीच ४० जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली आहेत. पियानो, साधी गिटार, लय उतरवलेली, काही गाणी खालच्या पट्टीत. ‘सनडे ब्लडी सनडे’मधला ड्रमर लॅरी मलनचा परेडसारखा ड्रमच गायब! ग्रुपवरचं दुःख मुख्यतः त्याचं.

मी डब्लिनच्या लुआस ट्राममध्ये उभा होतो. स्टीफन्स ग्रीन येईपर्यंत तीन लांबलचक मेसेज पाठवून झाले. अरे, बालगंधर्वांना वन्समोअर मिळाला की तेच पद ते पुन्हा वेगळं गात, आणि आपले आजोबा त्यावरच खूश असत. इथल्या पबमध्ये सेशनला बसलेला म्हातारा फिडलवाला तीच धून दर गुरुवारी वेगळी वाजवतो, त्याला कोणी ‘ओरिजिनल वाजव’ म्हणत नाही. आणि तुम्ही? हिंदीतल्या जुन्या गाण्यांचे भलत्यांनी केलेले रिमिक्स लावून हळदीला नाचता. इथे तर ज्यांची गाणी त्यांनीच बदलली. १९८३ साली विशीत ओरडून गायलेलं गाणं माणसानं साठी उलटल्यावरही तसंच ओरडायचं का?

(हिंदी रिमिक्सवर मीही नाचलोय. ते लिहिलं नाही.)

गंमत म्हणजे इथे ऑफिसात हीच वकिली मी वेगळ्याच लोकांसमोर करतो. डब्लिनकरांना बँडचा गायक बोनो याचं नाव काढलं तरी चालत नाही. २००६ मध्ये बँडनं कर वाचवायला धंद्याचा काही भाग नेदरलँड्सला हलवला, तो विषय अजून चहाच्या वेळी निघतो. मी आपला बाजू घेतो. सगळे माझ्याकडे दयेनं बघतात.

मित्राचं उत्तर आलं : ‘तुला काय, तू आता तिथलाच. आम्ही नेरूळला ऐकलंय त्यांना.’

१५ डिसेंबर २०१९, डी. वाय. पाटील स्टेडियम. अख्खा ग्रुप हार्बर लाइननं गेला होता. बोनोच्या गावात राहणारा मी इथे, सोफ्यावर, ग्रुपनं पाठवलेले हलणारे व्हिडिओ बघत होतो. ते लागलं. अजून लागतं.

मग चिडून हेडफोनवर नवीन ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ लावलं आणि दुसऱ्याच मिनिटाला थबकलो. ही संथ लय माझ्या ओळखीची होती. ते गाणं ज्यात होतं त्या ‘जोशुआ ट्री’ अल्बमची कॅसेट आम्ही मुंबईच्या र्‍हिदम हाउसमधून वर्गणी काढून आणली होती. ज्या टेपरेकॉर्डरवर ती वाजायची त्याचा बेल्ट सैल झालेला. गाणं मंद चालायचं, बोनोचा आवाज जड, झोपाळल्यासारखा. नवा बेल्ट आणायचा पुढच्या रविवारी, असं ठरत ठरत बारावी झाली. पुढे कुणाच्या तरी सीडीवर खरी लय ऐकली, तेव्हा मला ती घाई वाटली होती.

म्हणजे बालगंधर्व, फिडलवाला, सगळं बाजूलाच. मला नवीन काही आवडलेलंच नव्हतं.

टेपरेकॉर्डर त्या दादरच्या मित्राच्याच घरचा होता, गॅलरीतल्या स्टुलावरचा. ‘बेल्ट आठवतो का?’ असं त्याला विचारलंय. तिकडे रात्रीचा दीड वाजलाय. निळ्या टिका आल्यात.