वाळवंटात ‘काहीच नाही’ म्हणे

आज दुपारी जेवताना आमच्या एका नातलगांनी ऐकवलं, “जैसलमेरकडे आहे काय? नुसती रिकामी जमीन. सगळीकडे सोलर टाकावं आणि मोकळं व्हावं.” पंगतीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरी होते म्हणून गप्प बसले. इथे बसणार नाही.

त्या रस्त्याने मी एकटी गाडी चालवत गेले आहे. सांचोर, बाडमेर, शिव, फतेहगढ, देवीकोट, मग जैसलमेर. निघताना हेच सगळे म्हणत होते, गाडी बंद पडली तर माणूस दिसायचं नाही. अहो, जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत थरचं नाव घेतात! फतेहगढच्या पुढे एका ढाणीजवळ, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीजवळ, मी खेजडीच्या झाडाच्या सावलीत गाडी लावली, तर लगेच एक आजी बाहेर आल्या. कुठली, कोणाची, एकटी का, हे सगळं नंतर. आधी लोटाभर पाणी.

ते पाणी टांक्यातलं होतं. टांका म्हणजे जमिनीखाली बांधलेली टाकी. भोवतालची जमीन टाकीकडे उतरती करून चोपून घट्ट करतात, तिला आगोर म्हणतात. आगोरावर पडलेला पाऊस टांक्यात उतरतो. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस जेमतेम 200 मिलिमीटरच्या आतबाहेर. मी त्या आगोरावरून चपला घालून निघाले होते, आजींनी हात वर करून थांबवलं. त्यांच्या घरात जाणारं पाणी तिथूनच वाहतं. आणि या जमिनीला आपण रिकामी म्हणायचं?

माझ्या सोलापूरकडच्या मित्रमैत्रिणींना हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या माळरानालाही लोक पडीकच म्हणत आले. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक आता दिसला तर बातमी होते. तोच पक्षी तिकडे गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. देशात उरलेत 150च्या आसपास, बहुतेक सगळे जैसलमेरच्या बाजूला. अंगाने जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये त्याच्या मुलखातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या, 2024 मध्ये तो आदेश सैल केला. मला त्याचा राग आहे.

वीज लागते, मान्य. कोळसा जाळण्यापेक्षा ऊन बरं, हेही मान्य. पण मग त्या विजेच्या तारांचे खांब ओरणातच का?

आजींच्या ढाणीमागे ओरण होतं. देवाच्या नावाने राखलेलं रान. लाकूड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही. गुरं, उंट, शेळ्या चरतात. त्या बाजूला देगराय मातेचं मोठं ओरण आहे, त्यातूनही हाय-टेन्शनच्या तारा गेल्यात. आजींना मी त्या तारांकडे बोट दाखवून विचारलं, तुमच्याकडे वीज असते ना? असते म्हणाल्या, कधी कधी. एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. मलाच पुढे काही विचारवेना.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. दुपारी ते बोलले त्यात वाईट हेतू नसावा. माणूस जैसलमेरजवळ सम्‌च्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसतो, तंबूत नाच बघतो, परत येतो. त्याला सेवण गवत कोण दाखवणार? तिथल्या पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले खडीन कोण दाखवणार, जिथे उताराच्या तळाशी बांध घालून पावसाचं पाणी अडवतात आणि ते मुरलं की त्याच ओलीवर गहू, हरभरा पेरतात? एकटी होते म्हणून मला थांबता आलं. गाडीत चार जण असते तर “चला, उशीर होतोय” झालं असतं.

पण ज्यांच्या सहीने जमिनी दिल्या जातात त्यांना ही सूट नाही. कित्येक ओरणं महसुलाच्या दप्तरी ओरण म्हणून लागलेलीच नाहीत, त्यामुळे कागदावर ती कोणाचीच नसतात आणि कंपनीला देणं सोपं जातं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची पाहणी करून ती नोंदवायला सांगितलं आहे. ती नोंद गावकऱ्यांना सोबत घेऊन, त्यांचा चराईचा हक्क शाबूत ठेवून करा. ती पुरी होईपर्यंत ओरणात एकही नवा खांब नको.