हातगाडीवाल्यांचे ‘फुकटचे’ दहा हजार

‘कोरोनात सरकारनं हातगाडीवाल्यांना दहा-दहा हजार फुकट वाटले, वर रस्त्यावरच्या जागाही त्यांच्या नावावर केल्या,’ असं सांगली-मिरजेत अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं, पुढे ढकललंही जातं.

दहा हजार फुकट नव्हते, कर्ज होतं. १ जून २०२० ला सुरू झालेली केंद्राची कर्जयोजना, पीएम स्वनिधी. तारण नाही, मुदत एक वर्ष, हप्ता दरमहा. व्याजदर १२ टक्के धरला तर हप्ता ८८८ रुपयांच्या आसपास. यातलं ७ टक्के व्याज केंद्र देतं, पण हप्त्यातून वजा होत नाही. आधी हप्ता पूर्ण भरायचा, मग अनुदान तिमाहीनं खात्यात पडतं. तेही शे-दीडशे, पुढे आणखी कमी. ‘सरकारचे पैसे आले’ म्हणतात ते हे. हप्ते तीन महिने थकले की खातं एनपीए म्हणजे थकीत, अनुदान बंद आणि पुढचं (तेव्हा वीस हजारांचं) कर्जही हातचं गेलं.

खरोखर फुकट जाहीर झाले ते एप्रिल २०२१ मध्ये राज्याचे दीड हजार, तेही फक्त नोंदणी असलेल्यांना. त्याच महिन्यात खाण्याच्या गाड्यांना रात्री ८ पर्यंत आणि नुसत्या पार्सलची मुभा होती. पाणीपुरी पार्सल नेऊन कोण खाणार? पुरी घरी पोचेपर्यंत मऊ पडते.

‘क्यूआर लावला की महिन्याला शंभर रुपये’ हेही अर्धंच. याच योजनेच्या मूळ नियमात महिन्यातल्या पहिल्या ५० डिजिटल व्यवहारांना ५० रुपये, पुढच्या ५० ला २५, त्यापुढच्या १०० ला २५. व्यवहार किमान २५ रुपयांचा हवा होता. म्हणजे पंधराचा एक वडापाव मोजला जात नव्हता, दोन एकदम घेतले तर जायचे.

आणि जागा? फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात सुटलेल्यांना महापालिकेनं दिलेलं शिफारसपत्र बँकेसाठी होतं, जागेसाठी नव्हे. जागेसाठी लागतं २०१४ च्या फेरीवाला कायद्याचं विक्री प्रमाणपत्र. तेही भाड्यानं देता येत नाही. हरभट रोडवर चालायला वाट मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण ती न्यायची शहर फेरीवाला समितीकडे. गाडी हलवायची तर आधी ३० दिवसांची नोटीस लागते. माल उचलला तर यादी द्यावी लागते. शुल्क भरून माल मागितला की भाजी-फळं त्याच दिवशी, बाकीचा माल कामाच्या दोन दिवसांत परत.