व्ही-सी-एम-डी-के-ई-जे, कसे आहात?

मराठीत ‘नमस्कार’ लिहावा आणि कीबोर्ड इंग्रजीवर राहिल्यामुळे पडद्यावर उमटावं ‘व्हीसीएमडीकेईजे’! आकडे वगळलेला चॅसिस नंबरच जणू. मान खाली घालून बडवणाऱ्या माझ्यासारख्याला हे परिच्छेद संपल्यावर कळतं.

उलटं झालं तर जास्त पंचाईत. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी, म्हणजे लेआउट) राहिला आणि साहेबांना इंग्रजीत ‘ओके’ कळवलं, की जातं ‘दक’. ‘हाय’चं होतं ‘पग’, ‘हॅलो’चं ‘पाततद’. इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ तेवढा के या बटणावर सापडतो. बाकी स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, इंग्रजी अक्षरांशी सोयरसुतक नाही. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके. ठिपक्यांवरून भाषा काय कळणार? म्हणून दुसऱ्यांदा चुकला की तिसऱ्यांदा टाकण्याआधी घड्याळाशेजारचं भाषेचं चिन्ह बघावं.

विंडोज 11 मध्ये भाषा बदलायला विंडोज-स्पेस. सोपं आहे. खरा चोर वेगळाच: डावं ऑल्ट आणि शिफ्ट. मागच्या विंडोत जायला ऑल्ट-शिफ्ट-टॅब दाबायला जावं, टॅब हुकावं, आणि भाषा गुपचूप बदललेली! याचा बंदोबस्त सेटिंग्जमध्ये खोल दडवलाय: टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथून इनपुट लँग्वेज हॉट कीज, मग चेंज की सीक्वेन्स. तिथे ‘नॉट असाइन्ड’ निवडायचं. विंडोज-स्पेस तरीही चालू राहतं.

त्याच अ‍ॅडव्हान्स्डच्या पानावर प्रत्येक विंडोला वेगळी भाषा देणारी टिक आहे. वर्डमध्ये मराठी, एक्सेलमध्ये इंग्रजी असा दोन घरचा संसार असेल तर जरूर लावा. सगळी कामं ब्राउझरमध्ये उरकणाऱ्याला मात्र तिचा उपयोग नाही. पंचवीस टॅब उघडे असले तरी विंडो एकच.

आणि ते बिनबोलावलेले पाहुणे, जास्तीचे कीबोर्ड लेआउट! इंग्रजी भारताचं, इंग्रजी अमेरिकेचं, मराठी इनस्क्रिप्ट, मराठी फोनेटिक. मग विंडोज-स्पेस म्हणजे संगीत खुर्ची. नको असलेले लेआउट लँग्वेज अँड रीजनमध्ये त्या त्या भाषेसमोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन काढून टाकावेत. चारही हवेच असतील तर विंडोज-कंट्रोल-स्पेस दाबावं. आधी ज्यावर होतो त्याच लेआउटवर परत येतो, सगळी प्रदक्षिणा घालावी लागत नाही.

एवढं करूनही साहेबांना ‘दक’ गेलंच, तर ‘दक्ष’ लिहिताना ‘ष’ राहून गेला म्हणून सांगावं.