लोकप्रिय बचावपटू व्हायचंय? मग बचाव सोडा

परवा फुटबॉलमधल्या आवडत्या बचावपटूवरून वाद झाला. मी इटलीच्या पाओलो माल्दिनीचं नाव घेतलं, तर एक महाभाग विचारतो, "गोल किती मारले त्याने?" (मारलाय ना, २००५च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये, पहिल्याच मिनिटाला. पण तो मुद्दा नाही!) तर होतकरू बचावपटूंनो, प्रेक्षक असे आहेत. लाडकं व्हायचं असेल तर ऐका.

केस वाढवा. डेव्हिड लुईझसारखे कुरळे असतील तर निम्मं काम झालंच.

फ्री किक शिका. ब्राझीलचा बचावपटू रॉबर्टो कार्लोसची १९९७ सालची फ्रान्सविरुद्धची ती वळलेली किक सगळ्यांना पाठ आहे. त्याने अडवलेला एक तरी हल्ला सांगा बघू.

चुका करा, रील बनतात. इंग्लंडचा बचावपटू हॅरी मॅग्वायरला विचारा.

आणि मुख्य म्हणजे, योग्य जागी उभे राहू नका. तुम्ही जागा धरली की पास येतच नाही, पास नाही म्हणून धोका नाही, धोका नाही म्हणून कॅमेरा तुमच्याकडे फिरकत नाही. त्यापेक्षा स्ट्रायकरला आधी निसटू द्या, मग जिवाच्या आकांताने धावत घसरत टॅकल मारा. टाळ्या! २००६च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीवर सात सामन्यांत दोनच गोल झाले. एक झकार्डोने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला, दुसरा फायनलमध्ये फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. म्हणजे चालू खेळात प्रतिस्पर्ध्याला एकही गोल मारता आला नाही. कर्णधार होता बचावपटू कानावारो. पण फायनल म्हटलं की आठवतो त्याचा जोडीदार मातेरात्सी, कारण त्याने पेनल्टी दिली, मग गोल फेडला आणि वर झिदानची ढुशी खाल्ली. असं काहीतरी करा! कानावारोला त्या वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला, तर अजून कुरकुर चालू आहे. १९५६पासून पुरुषांत हा मान मिळवणारे बचावपटू किती? बेकेनबाउअर, सामर आणि हा. तीन! त्यातही पहिले दोघे पुढे जाऊन खेळणारे. २०१९ला याच पुरस्काराच्या मतदानात बचावपटू व्हॅन डाइक मेस्सीच्या मागे सात गुणांनी राहिला, तेव्हा किती जणांनी सुस्कारा सोडला होता, मला माहीत आहे.

नाही, आता पुरे. प्रेक्षकहो, आता तुमच्याशी बोलतो. स्ट्रायकरने तीन संधी घालवल्या तर "बिचाऱ्याचं नशीब", आणि बचावपटूचा एकदा पाय घसरला की त्याच्या घरापर्यंत जाता तुम्ही. तुम्ही सामना बघतच नाही, चेंडू बघता. चेंडू सुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांचे हायलाइट्स बघता आणि त्यावर मतं देता. एकदा नव्वद मिनिटं चेंडू सोडून फक्त सेंटर बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे बघा. तो कुठे सरकतो, कोणाला ओरडून जागेवर आणतो, ऑफसाइडची रेषा कधी पुढे नेतो ते बघा. तेवढाही धीर नसेल, तर बचावपटूंचा विषय निघाल्यावर तोंड उघडू नका.